खुर्चीसकट

ह्यांना त्यांच्याच सिनेमातून काढल्याची बातमी आमच्या घरी गादीच्या रूपाने आली. डबलबेडची, जाडजूड, प्लास्टिकात गुंडाळलेली गादी. दोन हमाल ती जिन्यावरून वर चढवत होते आणि हे खाली उभे राहून विचारत होते, "अहो, पण मागवली कोणी?"

मागवली कोणीच नव्हती. सिनेमाच्या निर्मात्यांचा गाद्यांचा कारखाना होता. आम्ही घरात त्यांना गादीवालेच म्हणायचो. माणूस मऊ मनाचा. वाईट बातमी नुसती कशी द्यायची म्हणून त्यांनी आधी गादी पाठवली आणि मग फोन केला. हे फोनवर एकदा "बरं" म्हणाले, पुन्हा "बरं" म्हणाले, आणि फोन ठेवून झाल्यावर भिंतीकडे बघून आणखी एकदा "बरं" म्हणाले.

तसं मला आठवडाभर आधीच कळलं होतं. गादीवाले आमच्या दिवाणखान्यात पडदे ओढून आत्तापर्यंतचं सगळं चित्रीकरण बघायला बसले होते. गोष्ट साधी होती. एक बाई बऱ्याच वर्षांनी आपल्या रिकाम्या घरी परत येते आणि खोल्याखोल्यांतून फिरते. घर आमचंच वापरलं होतं, त्यामुळे पडद्यावर आमचाच जिना, आमचीच खिडकी, आणि खिडकीपाशी ह्यांची उंच पाठीची खुर्ची. हे म्हणायचे, "ती रिकामी खुर्ची म्हणजे काळ आहे." मी म्हणायचे, "काळ असेल, पण त्याच्यावर धूळ मलाच पुसावी लागते."

"बाई जिना चढताहेत," गादीवाले म्हणाले.

"हो."

"मघाशी पण चढत होत्या."

"तो सकाळचा उजेड होता. हा दुपारचा."

"पोचतात कधी?"

"पोचणं महत्त्वाचं नाहीये," हे म्हणाले.

गादीवाल्यांनी मुकाट्याने चहा संपवला. दारात बूट चढवता चढवता त्यांनी मला हळूच विचारलं, "वहिनी, तुम्ही तरी सांगा. पोचतात ना?"

मी म्हटलं, "मीपण तीन वर्षं वाट बघतेय."

माझ्या मते निकाल तिथेच लागला. पण हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता सिनेमा पुरा करायचा कोणी? घर आमचं, खुर्ची आमची, आणि निम्मं चित्रीकरण याच भिंतींमध्ये झालेलं. परक्या दिग्दर्शकाला ह्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नसतं. गादीवाले मऊ असले तरी खुळे नव्हते. त्यांनी सरळ आमच्या सूनबाईलाच विचारलं.

सूनबाई जाहिराती करते. साबण, बिस्किटं, टायर, काय येईल ते. मी उभी हयात हॉस्पिटलात वॉर्डची मोठी सिस्टर म्हणून काढली, त्यामुळे हाताखालच्या माणसांना कसं हलवायचं ते मला कळतं. ही पोरगी तशी आहे. आवाज चढवत नाही आणि कोणाला बसूही देत नाही. ती आधी माझ्याकडे स्वयंपाकघरात आली.

"आई, हो म्हणू का?"

"म्हण की. नाहीतर दुसरा कोणीतरी येईल आणि बुटांनी माझी फरशी खराब करेल."

मग ती ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि स्वच्छ शब्दांत म्हणाली, "बाबा, तुमचा सिनेमा मी पुरा करतेय. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्याऐवजी मीच सांगावं म्हटलं."

ह्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग तुझ्या सुनेला, ऐकलं."

त्या दिवसापासून ह्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. आम्ही चौघं एकाच टेबलावर जेवायचो. मीठ तिच्या पुढ्यात असायचं आणि हे मला म्हणायचे, "तिला सांग, मीठ." चिरंजीव दातांचे डॉक्टर. त्याने पहिल्याच जेवणाला हात वर केले. "आई, लोकांना तोंड उघडा म्हणणं हा माझा धंदा आहे. घरी मी सुट्टीवर असतो." आणि मान खाली घालून जेवत राहिला.

म्हणजे निरोप्याचं काम माझ्याकडे आलं. आणि खरं सांगायचं तर निवृत्त झाल्यापासून इतकी मजा मला आली नव्हती.

"तिला सांग," हे म्हणायचे, "साबण विकणं वेगळं आणि सिनेमा वेगळा."

मी पलीकडे जाऊन सांगायचे, "बाबा म्हणतात, संध्याकाळचा उजेड पश्चिमेच्या खिडकीतून चांगला येतो."

"त्यांना सांगा," सूनबाई म्हणायची, "माझ्या जाहिरातीत बाई अर्ध्या मिनिटात जिना चढते, आंघोळ करते आणि खाली येऊन हसते पण."

मी ह्यांना सांगायचे, "ती म्हणते, जिन्याचे शॉट काय सुंदर घेतलेत बाबांनी."

ह्यांच्या भुवया वर जायच्या. "असं म्हणाली?"

"शब्दशः नाही," मी म्हणायचे. खोटं बोलायचं नाही, हा माझा नियम आहे.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी सकाळीच घर माणसांनी भरलं. वायरी, दिवे, डबे. नायिका आली. चाळिशीतली, हसतमुख, पण तीन वर्षं तोच जिना चढून चढून पोटऱ्या टणक झालेली. कॅमेरामन आला. तो ह्यांचा तरुणपणापासूनचा दोस्त. त्याला एका कानाने कमी ऐकू येतं. कोणत्या, ते समोर कोण बोलतंय यावर ठरतं. तो ह्यांना नमस्कार करून म्हणाला, "वाईट झालं रे," आणि लगेच सूनबाईला विचारलं, "कॅमेरा कुठे लावू?"

प्रसंग असा होता : बाई दार उघडते, रिकाम्या दिवाणखान्यात येते, खिडकीतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघते.

सगळी तयारी झाली, आणि हे आपल्या खोलीतून बाहेर आले. अंगात निळा चौकटीचा शर्ट, हातात वर्तमानपत्र. सरळ चालत गेले आणि त्या खुर्चीत जाऊन बसले. पाय पायावर टाकला. पान उघडलं.

एका मदतनीस मुलीने घाबरत घाबरत म्हटलं, "सर, तुम्ही फ्रेममध्ये आहात."

"मी माझ्या घरात आहे," हे पेपरातून मान न काढता म्हणाले.

गादीवाले पुढे झाले. "साहेब, थोडा वेळ आत बसलात तर..."

"ही माझी खुर्ची आहे. खुर्ची हवी असेल तर ती माझ्यासकट मिळेल."

गादीवाले माझ्या कानाशी लागले. "वहिनी, खुर्चीसकट उचलायचं का?" ओझी कशी उचलायची हे त्यांना धंद्यामुळे माहीत होतं, पण मी मान हलवली. माझं लक्ष सूनबाईकडे होतं. ती हाताची घडी घालून ह्यांच्याकडे बघत होती. रागावली नव्हती. वॉर्डात एखादा हट्टी पेशंट औषध थुंकून टाकतो तेव्हा चांगली नर्स जशी बघते, तशी बघत होती. मग तिने कॅमेरामनकडे पाहून नुसतं बोट फिरवलं. कॅमेरामनला त्या वेळी दोन्ही कानांनी छान ऐकू आलं.

कॅमेरा सुरू झाला. दार उघडून नायिका आत आली. तिला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. खोली रिकामी असेल म्हणून ती आली आणि खिडकीत हे! ती थबकली. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिला बघायला काहीतरी मिळालं होतं. ती दोन पावलं पुढे आली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही अजून इथेच बसलेले असता?"

ह्यांना वाटलं, ती खरंच विचारतेय. ह्यांनी पेपर जरासा खाली घेतला, तिच्याकडे एक कटाक्ष टाकला, आणि पुन्हा वर धरला. इतका तुसडा, इतका दुखावलेला कटाक्ष मी आमच्या सगळ्या संसारात फक्त दोनदा पाहिलाय.

"कट," सूनबाई म्हणाली.

कॅमेरामनने कॅमेऱ्यावरचा डोळा काढला आणि म्हणाला, "अरे वा."

हे ताडकन उभे राहिले. "काय अरे वा? तू मला चित्रित केलंस?"

"तुझं तोंड समोर होतं," तो म्हणाला. "मी काय करू?"

"माझी परवानगी नाहीये! तिला सांग, मी परवानगी दिलेली नाही!"

सूनबाई माझ्याकडे वळली. "आई, बाबांना सांगा, घर रिकामं नाहीये. घरात एक म्हातारे गृहस्थ आहेत, ते कोणाशी बोलत नाहीत. आजपासून गोष्ट अशी आहे. बाबांना उद्या यायचं नसेल तर नका येऊ म्हणावं. गृहस्थ आत झोपलेत असं दाखवू."

दिवसभर हे खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. उठून गेले तर सिनेमा पुढे जाणार. बसले तर सिनेमात जाणार. मी मध्येमध्ये डोकावून बघत होते. मला हसू आवरेना म्हणून मी तोंडात बडीशेप भरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाची दारं आपटल्याचा आवाज आला. हे बनियनवर उभे होते आणि सगळे कपडे पलंगावर.

"माझा निळा शर्ट कुठे आहे? चौकटीचा?"

"धुवायला टाकला."

"धुवायला?" ह्यांचा आवाज चिरकला. "शर्ट धुवायला टाकलास? आणि कंटिन्युइटी? काल माणूस निळ्या शर्टात बसलाय आणि आज त्याच प्रसंगात पांढऱ्यात बसणार? लोक काय म्हणतील?"

"पण तुम्ही तर बसणार नव्हता ना?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर ह्यांनी लोकांच्या सिनेमातल्या चुका काढल्या. इथे बटण उघडं होतं, तिथे मिटलंय. इथे पेला अर्धा होता, तिथे भरलाय. असल्या माणसाच्या हातून स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंगावर तशी चूक होणं शक्यच नव्हतं.

"प्रश्न तत्त्वाचा आहे," हे म्हणाले.

मी ओला शर्ट बादलीतून काढून पिळला आणि इस्त्री मारून जमेल तेवढा वाळवला. हे तसाच दमट शर्ट घालून खुर्चीत जाऊन बसले. पेपरसुद्धा कालचाच धरला, तेच पान. सूनबाईने बघितलं. फक्त माझ्याकडे बघून एक डोळा मिटला.

पुढच्या दिवसांत माझ्या घरात एक नवीनच माणूस तयार झाला. नटांचे नखरे म्हणून ह्यांनी आयुष्यभर ज्याला नाकं मुरडली ते सगळं ह्यांच्यात अवतरलं. "तिला सांग, माझ्या डाव्या बाजूने घेऊ नको म्हणावं." "तिला विचार, माझा क्लोजअप आज आहे की उद्या? आज असेल तर मी दुपारी झोपतो." एकदा तर म्हणाले, "तिला विचार, या माणसाच्या मनात आत्ता नेमकं काय चाललंय?"

हे ऐकून नायिका खुर्चीतून पडायची बाकी राहिली. "काकू," ती मला म्हणाली, "मी पहिल्या वर्षी ह्यांना हाच प्रश्न विचारला होता. मला म्हणाले, मनात काही आणू नका, नुसतं चाला."

तिने त्याचा सूड अगदी गोडीगुलाबीने घेतला. एक शॉट असा होता की हे खुर्चीतून उठतात, खिडकी लावतात, परत येऊन बसतात आणि ती दारातून बघते. प्रत्येक वेळी अगदी शेवटी हिला शिंक यायची, नाहीतर हसू यायचं, नाहीतर पदर दारात अडकायचा. हे उठतायत, खिडकी लावतायत, बसतायत. गुडघे कुरकुरायला लागले. "पुन्हा?" हे केविलवाणं विचारायचे आणि ती हात जोडायची. "माफ करा हं सर, पोचले होते, पण जरासं राहिलंच." सूनबाईला सगळं कळत होतं. तिने कॅमेरा केव्हाच बंद ठेवायला सांगितला होता.

पण एक होतं. संध्याकाळी सगळे गेले की हे जेवताना भराभरा खायचे आणि दिवसभराचं माझ्याशी बोलत बसायचे. खूप दिवसांनी त्यांच्या बोलण्यात उजेड, सावली, काळ हे शब्द नव्हते. कोण कसं हसलं, चहा कसा सांडला, हेच होतं. रात्री गादीला शिव्या न देता तिच्यावर झोपायलाही लागले.

मग आला शेवटचा प्रसंग. बाई घर विकायचं ठरवते, किल्ल्या घ्यायला येते, आणि इतके दिवस न बोललेले गृहस्थ तेव्हा एकदाच बोलतात. सूनबाईने संवाद लिहिला होता : "आज राहा. उद्या वीक."

हे संवादाचा कागद घेऊन स्वयंपाकघरात आले. "एवढंच?"

"एवढंच."

"तिला सांग, माणूस सबंध सिनेमाभर गप्प बसलाय. तो आता चार शब्दांत आटपेल का? मी लिहून काढलंय." आणि ह्यांनी खिशातून घडी घातलेली पानं काढली. दोन्ही बाजूंनी लिहिलेली. घर, काळ, आठवण, खिडकी, काही म्हणून शिल्लक ठेवलं नव्हतं. ज्या माणसाने तीन वर्षांत नायिकेला "ऊं" म्हणू दिलं नव्हतं, त्याचं हे भाषण.

मी ते सूनबाईकडे नेलं. ती म्हणाली, "त्यांना सांगा, चार शब्द." ह्यांना सांगितलं. "तिला सांग, निदान पहिलं पान." तिला सांगितलं. "त्यांना सांगा, चार." मी दिवाणखाना, स्वयंपाकघर, दिवाणखाना करत राहिले. एरवी मी मधल्या मध्ये काहीतरी काड्या घातल्या असत्या, पण माझे पाय दुखायला लागले. सगळ्या युनिटसमोर मी पदराला हात पुसले आणि म्हटलं, "आता पुरे. मी संपावर. तुमचं तुम्ही बघा." आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. पूर्ण नाही. फटीतून दिसेल एवढं ठेवलं.

दोघं एकमेकांसमोर उभी. गादीवाले घड्याळ बघतायत. मग ह्यांनी घसा खाकरला.

"दिग्दर्शक."

सूनबाईने वर पाहिलं.

"कलाकाराला एक शंका आहे," हे छताकडे बघत म्हणाले.

माझा नवरा किती बेरकी आहे ते मला तेव्हा नव्याने कळलं. सुनेशी बोलणार नाही ही शपथ शाबूत. दिग्दर्शकाशी बोलायला कोणाची हरकत?

"विचारा," ती तितक्याच गंभीरपणे म्हणाली.

मग जे सुरू झालं! हे म्हणाले, चार शब्दांत माणूस उथळ वाटतो. ती म्हणाली, दोन पानांत तो वक्ता वाटतो. हे म्हणाले, तुला गप्प माणसं कळत नाहीत. ती म्हणाली, गेले कित्येक दिवस मी एका गप्प माणसाबरोबर जेवतेय. हे म्हणाले, तो गप्प आहे कारण त्याचं घर काढून घेतलंय. ती म्हणाली, घर त्याचंच आहे, नुसतं दार उघडलंय. दोघांचे आवाज चढले. घरात इतकं मोकळं बोलणं किती दिवसांनी ऐकत होते. मी दाराआड कणीक मळत बसले आणि ती इतकी मऊ झाली की बोलायची सोय नाही.

शेवटी कलाकाराने माघार घेतली. "ठीक आहे. चार शब्द."

आणि ते चार शब्द ह्यांना काही केल्या जमेनात. गप्प बसण्यात जो माणूस राजा होता, तो तोंड उघडल्यावर नाटकातला खलनायक व्हायचा. "आऽज... राहाऽ!" असं दणक्यात, हात हवेत करून. पुन्हा. "आज राहा," असं रडक्या सुरात. पुन्हा. सूनबाई हळू सांगायची, "साधं बोला. मीठ द्या म्हणता तसं." गादीवाल्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. हे घामाघूम. "ठीक होतं?" प्रत्येक वेळी विचारायचे आणि ती प्रत्येक वेळी खरं सांगायची. "नाही."

मग आणखी एकदा. नायिका कॅमेऱ्याच्या अगदी लगत, सूनबाईच्या शेजारी उभी होती. ती किल्ल्या हातात घेऊन म्हणाली, "काही बोलायचं होतं का तुम्हाला?"

ह्यांनी तोंड उघडलं. आणि काहीच येईना. डोळे नुसते मोठे झाले. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या बाजूला, सूनबाईकडे पाहिलं, आणि लहान पोरासारखे म्हणाले, "अगं... काय बोलायचं होतं, विसरलोच बघ." आणि स्वतःच हसायला लागले.

नायिकेलाही खरंखुरं हसू फुटलं. हसता हसता ती खुर्चीपाशी येऊन जमिनीवर बसली आणि डोळे पुसायला लागली. हेही हसत होते, गुडघ्यावर थाप मारत होते. सूनबाई कट म्हणालीच नाही. कॅमेरामन हलला नाही. मी दारातून बाहेर आले होते हे माझ्याही लक्षात आलं नाही.

"कट," ती बऱ्याच वेळाने म्हणाली.

"पुन्हा घेऊ," हे हसू पुसत म्हणाले. "आता आठवलं."

"नको, बाबा. झालं."

"अगं, पण मी संवादच म्हटला नाही!" आणि हे बोलून गेल्यावर ह्यांच्या ध्यानात आलं, की आपण दोनदा 'अगं' म्हणालो आणि दिग्दर्शकाला कोणी 'अगं' म्हणत नाही. ह्यांनी इकडेतिकडे बघितलं. सगळ्यांनी लगेच वायरी गुंडाळायला घेतल्या.

सिनेमा लागला तेव्हा शेवटाला हेच होतं. आम्ही सगळे एका ओळीत बसलो होतो. पडद्यावर हे "विसरलोच बघ" म्हणाले आणि थिएटर हसलं, खदखदून हसलं, आणि मग हळूहळू इतकं शांत झालं की मला शेजारच्या बाईंच्या बांगडीचा आवाज आला. बाहेर पडताना एक गृहस्थ ह्यांचा हात धरून म्हणाले, "त्या विसरण्याचा अभिनय कसा केलात हो?" हे म्हणाले, "त्यामागे बरीच मेहनत असते." सूनबाईने खाली बघून चपलेचा पट्टा नीट केला.

नावावरून मात्र थोडं वाजलंच. गादीवाल्यांना दिग्दर्शक म्हणून दोघांची नावं हवी होती. हे ऐकेनात. "दिग्दर्शन तिचं. माझं नाव कलाकारांत टाका," हे म्हणाले, आणि दाराशी गेल्यावर वळून, "नायिकेच्या वर टाकलंत तरी चालेल." ते काही झालं नाही. नायिका सोडते होय!

परवा सकाळी फोन वाजला. कुठल्यातरी नवीन सिनेमावाल्याचा. सूनबाईने उचलला, ऐकलं, आणि हात फोनवर ठेवून म्हणाली, "बाबा, आजोबांचं काम आहे. पहिल्याच प्रसंगात वारतात. मग सिनेमाभर भिंतीवर त्यांचा फोटो असतो. हो म्हणू का?"

हे चहाचा कप घेऊन विचार करत बसले.

"फोटो," हे म्हणाले, "काढणार कोण आहे ते विचार."